पंचनाम्यात न आलेल्या जखमा

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या दलित माणसाचे मन खचले तर त्याने जावे कोठे, हा प्रश्न वरवर पाहता पत्त्यांचा आहे. दवाखान्यांची यादी छापली, वेळा दिल्या, फोनचा आकडा दिला की प्रश्न सुटला, असे कोणालाही वाटेल. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांतल्या वस्त्यांमधून गेली काही वर्षे असे पत्ते शोधत मी हिंडलो आहे. कधी एखाद्या विद्यार्थ्यासाठी, कधी विद्यार्थ्याच्या आईसाठी. त्यातून माझे मत असे बनले आहे की हा प्रश्न पत्त्यांचा नसून इतिहासाचा आहे. पत्ता असतो, पण आपला माणूस त्या पत्त्यावर जात नाही. तो का जात नाही याचे उत्तर त्याच्या अडाणीपणात शोधण्याची आपल्याकडील शिकलेल्यांना सवय आहे. वस्तुतः ते उत्तर राज्यसंस्थेने त्याच्या मनाशी आजवर जो व्यवहार केला त्यात आहे, आणि काही अंशी आपल्या चळवळीच्या बोलण्यातही आहे.

हा इतिहास सांगायला मी घाटकोपरपासून सुरुवात करतो. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मारली गेली, सव्वीस जखमी झाली. त्यांत रस्ता अडवणारेच होते असे नाही. वस्तीच्या आत, आपल्या गल्लीत उभ्या असलेल्यांनाही गोळ्या लागल्या. जमाव गॅसच्या टँकरला आग लावणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांनी सांगितले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा बचाव मानला नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. हा सारा तपशील वाचकांना ठाऊक आहे.

ठाऊक नाही, किंवा ज्याची आपण कधी नोंदच केली नाही, ते वेगळे आहे. दहा मृत आणि सव्वीस जखमी हा हिशेब शरीरांचा आहे. त्या सकाळी वस्तीत हजारो माणसे होती. शाळेला निघालेली पोरे होती, कामावर निघालेल्या बाया होत्या, नळावर उभी असलेली माणसे होती. त्यांनी शेजाऱ्याला पडताना पाहिले. पंचनाम्यात गोळीची खूण भिंतीवर कोठे लागली याची नोंद होते, रक्ताचा डाग किती फुटांवर होता याची होते. ज्या मुलाने ते रक्त पाहिले आणि पुढे कित्येक रात्री जो दचकून उठला, त्याच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. भरपाईच्या अर्जातही नाही. आयोगासमोर साक्ष देणाऱ्या माणसाला तू काय पाहिलेस हे विचारले जाते. ते पाहिल्यापासून तुला झोप येते का, हे विचारणे आयोगाच्या कामात बसत नाही.

येथे कोणी म्हणेल, त्या काळी असल्या गोष्टींचे ज्ञानच कोठे होते? हा बचाव मला मान्य नाही. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर मानसिक विकाराला १९८० मध्येच आपल्या अधिकृत ग्रंथात जागा दिली होती. आपल्या देशात भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांची पथके गेली, वस्त्यांतील रुग्णांची पाहणी झाली, तेथल्या साध्या डॉक्टरांना मनाच्या दुखण्याचे शिक्षण दिले गेले. खुद्द महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी-लातूरच्या भूकंपानंतर भूकंपग्रस्तांच्या मनावरील आघातांचा अभ्यास झाला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. म्हणजे रमाबाई नगरात गोळ्या सुटल्या तेव्हा शासनाच्या दप्तरात ज्ञानही होते आणि योजनाही होती.

मग ती घाटकोपरला का पोचली नाही? भूकंपात जमीन दोषी असते. तिच्यावर खटला चालत नाही, म्हणून भूकंपग्रस्ताचे दुःख मान्य करायला राज्याला काही पडत नाही. गोळीबारात मारणारा हात राज्याचा असतो. वस्तीच्या मनाला जखम झाली असे एकदा मान्य केले की ती कोणी केली हा पुढचा प्रश्न येतो. त्यात पोलिसांच्या कथेप्रमाणे तर ही वस्ती म्हणजे टँकर पेटवायला निघालेला जमाव होता, आणि जमावाला मन असते हे कोणत्याही पोलीस ठाण्यात शिकवले जात नाही.

आता विलास घोगरे यांच्याविषयी. ते मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत. शाहीर होते, स्वतः गाणी रचीत, आव्हान नाट्य मंचात गात. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या बोलपटात झोपड्या तोडल्या जाण्याच्या कहाणीला त्यांचा आवाज आहे. रमाबाई नगरातील प्रेते त्यांनी पाहिली. चौथ्या दिवशी, १५ जुलैला, मुलुंडच्या आपल्या झोपडीत त्यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षे खपून २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला, त्याचे मूळ या मृत्यूत आहे.

मेलेल्या माणसाचे निदान करण्याचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही. एका मोठ्या कलावंताच्या राजकीय संतापाला रोगाचे नाव देऊन त्यातली धार काढून घेणे हा प्रस्थापितांचा जुना उद्योग आहे आणि त्यात मला सामील व्हायचे नाही. पण आपण याच्या उलट जे केले तेही तपासले पाहिजे. आपण विलासना त्याच आठवड्यात हुतात्मा केले. त्यांच्या अखेरच्या निळ्या फडक्याविषयी पुष्कळ बोलले, लिहिले गेले. ११ ते १५ जुलै या चार दिवसांविषयी फार थोडे बोलले गेले. त्या चार दिवसांत शोक करणाऱ्या शाहिराजवळ कोणी बसायचे, त्याला एकटे सोडायचे नाही, हे काम कोणाचे होते? आपल्या संघटनांत मोर्चाचे काम कोणाचे, पत्रकाचे कोणाचे, जामिनाचे कोणाचे हे ठरलेले असते. हे काम कोणाचेच नव्हते. संताप आणि शोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संतापाला आपल्याकडे घोषणा होती, शोकाला जागा नव्हती. आत्महत्येला निषेधाचे सर्वोच्च रूप मानणारी भाषा तर मला आज धोक्याची वाटते. वस्तीतला सतरा वर्षांचा पोरगा ती भाषा ऐकत असतो.

मुलुंडनंतरचे पुढचे स्थानक ठाणे. मुंबईत 'याला ठाण्याला पाठवा' असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. कुलाब्याच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात दाटी झाल्यावर इंग्रजी अमदानीत, १९०१ साली, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ठाण्यात हे इस्पितळ उभे राहिले. पुढे ते १,८५० खाटांचे झाले. भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा सबंध देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. त्या मानाने ठाणे हे केवढे मोठे केंद्र होते हे ध्यानात येईल. याच इस्पितळाच्या जागेवर ठाणे आणि मुलुंड यांच्या मधले नवे रेल्वे स्थानक होऊ घातले आहे. विलास घोगरे यांच्या झोपडीपासून हे ठिकाण लोकलने काही मिनिटांवर होते. पण शोकाने पिळवटलेल्या माणसाने जाण्यासारखे ते ठिकाण नव्हते, आणि तशी ती जागा आहे असे त्याला किंवा त्याच्या मित्रांना वाटण्याचे कारणही नव्हते.

कारण या इस्पितळाचा रस्ता पोलीस ठाण्यावरून जात असे. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. दंडाधिकाऱ्याने हुकूम दिला की माणूस आत. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बदलला, तरी पोलीस आणि दंडाधिकारी ही जोडी त्यातही राहिली. दुसऱ्या बाजूला भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानीत होते. विष घेतलेल्या सुनेला इस्पितळात नेले तर डॉक्टरच्या मागोमाग जबाब घ्यायला हवालदार येणार, हे प्रत्येक वस्तीला पाठ होते. म्हणून घरचे लोक सांगत, चुकून प्यायली. आता विचार करा: ज्या वस्तीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्या वस्तीने आपल्या मनाचे दुखणे घेऊन अशा दाराशी जावे, ज्या दाराची किल्ली पोलिसांच्या हाती आहे! लोक गेले नाहीत यात अडाणीपणा कोणता?

बिनपोलिसी दारे होती, नाही असे नाही. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, आणि वेड्यांच्या इस्पितळाबाहेर, साध्या दवाखान्यात मनाचे दुखणे दाखवता येऊ लागले. पुढे के.ई.एम., नायर, शीव या रुग्णालयांत हे विभाग वाढले. पण ही सारी दक्षिणेकडची नावे आहेत. अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये मुंबईत घेतले गेले. शहरातून उठवलेले, गावाहून आलेले, गिरण्या बंद पडल्यावर चाळीतली खोली विकून निघालेले लोक या उपनगरांत ढकलले गेले. मनाचे दवाखाने मात्र बराच काळ परळ-भायखळ्यालाच राहिले. अधल्यामधल्या या प्रदेशाला दक्षिणेला जे. जे. आणि उत्तरेला ठाणे. मधे घर चालवणारी बाई आणि तिची बुडालेली हजेरी.

मधल्या काळात वस्ती काही स्वस्थ बसली नव्हती. १९५६ पूर्वी आपल्याकडे मनाच्या दुखण्याला देवऋषी होता, पोतराज होता, अंगात येणे होते. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात आषाढातल्या त्या साऱ्या प्रकाराचे उघडे चित्र आहे. ते अज्ञान होते, शोषण होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण ते टाकले हे उत्तमच झाले. पण त्या अज्ञानातही एक सोय दडलेली होती. वर्षभर मार खाणारी सून अंगात आल्यावर घटकाभर बोलू शकत होती, आणि सासू तिच्यापुढे हात जोडून ऐकत होती. देव गेला तशी ती ऐकणारी बैठकही गेली. तिच्या जागी धम्माने काय द्यायचे होते? किसा गोतमीची कथा आपण वैशाख पौर्णिमेला सांगतो. मेलेले मूल कडेवर घेऊन फिरणाऱ्या त्या आईला तथागतांनी उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, म्हणून गावात पाठवले. कथेचे तात्पर्य म्हणून आपण अनित्यता शिकवतो. मला त्यातली वाट अधिक महत्त्वाची वाटते: ती बाई दारोदार गेली, आणि प्रत्येक दारात कोणीतरी तिच्याशी आपल्या मेलेल्या माणसाबद्दल बोलले.

बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या अगदी घरातले आहे. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले मोडून पडणे लपवले नाही. चार मुलांना पुरलेला हा बाप होता. १९३५ मध्ये रमाबाई गेल्यावर ते कसे रडले, कसे कोंडून घेऊन बसले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. जाती ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हा विचार १९३६ मध्ये मांडणारा माणूस मनाविषयी उगाच बोलत नव्हता. ज्या रमाबाईंच्या नावाची ती घाटकोपरची वस्ती, तिच्या मृत्यूचा शोक स्वतः बाबासाहेबांना आवरला नव्हता. आणि आपण मात्र कार्यकर्त्याने खचणे हा चळवळीशी द्रोह समजत आलो. 'भीमाचा वाघ आहेस तू, रडतोस काय?' हे वाक्य मी किती घरांत ऐकले आहे!

विहाराने काही प्रमाणात ती बैठक दिली. महिला मंडळांनी अधिक दिली. वर्षावासातल्या ग्रंथवाचनानंतर बाया तासभर मागे थांबतात ते काही पोथीसाठी नाही. बोरिवलीच्या बाजूला गोराईला २००९ मध्ये भव्य विपश्यना पॅगोडा उभा राहिला. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये भारतातले आपले पहिले शिबिर मुंबईतच घेतले होते, आणि आपल्यातल्या पुष्कळांना दहा दिवसांच्या शिबिराने शांतता मिळाली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण विपश्यना हा गंभीर मनोविकारावरचा उपचार नव्हे. शिबिरे घेणारेही तसे म्हणत नाहीत, उलट अशा रुग्णांना ते सावध करतात. आपले काही उत्साही बांधव मात्र गोळ्या सोडून शिबिराला चला असे सांगतात, आणि त्याने माणसे जिवाला मुकू शकतात. शिवाय अपमान करणारा साहेब सोमवारी कचेरीत तसाच बसलेला असतो. श्वास पाहून तो नाहीसा होत नाही.

हा दुहेरी पेच, म्हणजे व्यवस्थेने केलेली जखम आणि त्याच व्यवस्थेचा दवाखाना, आपल्याच वाट्याला आला असे नाही. फ्रान्त्स फॅनन हा काळा मानसोपचारतज्ज्ञ १९५३ ते १९५६ अल्जीरियातल्या ब्लिदाच्या इस्पितळात काम करीत होता. छळ झालेले अल्जीरियन आणि छळ करणारे फ्रेंच पोलीस, दोघेही त्याच्याकडे उपचाराला येत. माणसाला ज्या समाजाने वेडे केले त्याच समाजात त्याला नीट करून परत धाडायचे, हे आपल्याला जमणार नाही असे म्हणून त्याने राजीनामा दिला. आपल्या पिढीने फॅनन वाचला तो हिंसेसाठी. १९६१ च्या त्याच्या अखेरच्या ग्रंथातले मनोरुग्णांवरचे प्रकरण आपण चाळून पुढे गेलो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९४६ साली रिचर्ड राईट या निग्रो कादंबरीकाराने डॉ. फ्रेडरिक वेर्थाम यांना साथ देऊन लाफार्ग क्लिनिक काढले. जागा कोठली, तर वस्तीतल्या चर्चच्या इमारतीचे तळघर. आठवड्यातून दोन संध्याकाळी, काम सुटल्यावर. फी पंचवीस सेंट, नसतील तर फुकट. काळ्या माणसाला येणाऱ्या संतापाला तेथे वेड म्हणत नसत, आणि वेडाला नुसता संताप म्हणून सोडूनही देत नसत. या क्लिनिकने वेगळ्या शाळांचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम तपासला, तो पुरावा न्यायालयात गेला, आणि १९५४ च्या शाळांतील वंशभेदाविरुद्धच्या निकालाच्या मागे जे खटले होते त्यांत तो कामी आला. म्हणजे उपचार आणि लढा यांत निवड करावी लागली नाही. बारा वर्षे चालून १९५८ मध्ये ते बंद पडले. सरकारने पैसे दिले नाहीत, हे कारण आपल्याला ओळखीचे वाटेल.

आपल्याकडे आज स्थिती काय आहे? कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम १८ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे: मानसिक उपचार हा हक्क आहे, त्यात जातीवरून भेद करता येणार नाही, आणि रुग्णाला लांबचा प्रवास करावा लागू नये म्हणून सेवा त्याच्या घराजवळ हवी. कलम ११५ म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याच्यावर खटला भरू नये, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. जुनी दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून नवी आली, तिच्यात ते सरसकट कलम ३०९ उरलेच नाही. वस्तीत हे कोणाला माहीत आहे? मी विचारून पाहिले. बहुतेकांना हवालदारच आठवतो.

पत्तेही सांगतो, कारण ते सांगणे मी टाळले तर हा लेख नुसती तक्रार होईल. पश्चिम उपनगरांत विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय आहे. त्याला २०१५ पासून महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे आणि तेथे मानसोपचार विभाग आहे. अंधेरीहून ते जवळ. बोरिवलीकरांना लोकल धरावी लागते. घाटकोपर-मुलुंडच्या माणसाला मध्य रेल्वेने शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचे के.ई.एम. गाठता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. जिवावर बेतले असेल तर वेळ न घालवता जवळच्या कोणत्याही रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ हा आकडा फिरवला की रात्रंदिवस कोणीतरी मराठीतही बोलते, पैसे पडत नाहीत. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरून समुपदेशन करणारी सेवा २०१२ पासून आहे. १४४१६ हा आकडा विहाराच्या फळ्यावर खडूने लिहायला ठरावाची गरज नाही.

तरीही अडते. ओपीडी सकाळची. कंत्राटी सफाई कामगाराचा खाडा झाला की पैसे कापले जातात, चार खाडे झाले की मुकादम दुसरा माणूस घेतो. रांगेत तीन तास, डॉक्टरपुढे काही मिनिटे. आणि त्या मिनिटांत काय घडते? एका रुग्णालयात, नाव सांगत नाही, मी एका तरुणाबरोबर बसलो होतो. 'कचेरीत माझा डबा वेगळा ठेवायला सांगतात, मी आलो की बोलणे थांबते', असे तो म्हणाला. समोरच्या तरुण डॉक्टरांनी कागदावर 'संशयी वृत्ती' असे लिहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. औषध त्यांनी नीट दिले, आणि त्या मुलाला त्याने झोपही लागली. पण डबा खरोखरच वेगळा ठेवतात की काय, हे विचारावे असे त्यांना सुचले नाही. वैद्यकीय पुस्तकात जात हा विषय सामाजिक माहितीच्या रकान्यात येतो, कारणांच्या रकान्यात नाही. तो मुलगा दुसऱ्यांदा गेला नाही.

शिकलेल्यांचे तरी बरे आहे काय? २२ मे २०१९ रोजी नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आयुष्य संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली त्यांच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. त्याचा निवाडा न्यायालय करील. मला एवढेच दाखवायचे आहे की ज्या आवारात मानसोपचाराचा विभाग आहे, त्या आवारात राहणाऱ्या, स्वतः डॉक्टर असलेल्या मुलीलाही तेथे आधार सापडला नाही. हैदराबादचा रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. प्रत्येक वेळी विद्यापीठे समुपदेशक नेमण्याची घोषणा करतात. नेमलेल्या समुपदेशकाला जातीविषयी काय शिकवले, आणि तो कोणाच्या पगारावर आहे, हे विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाताखालच्या माणसाकडे कोण मन मोकळे करील?

तज्ज्ञ पुरेसे नाहीत ही गोष्ट खरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त आढळले, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाला उपचारच मिळत नव्हता. इतक्या लोकांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ आपल्या हयातीत होणार नाहीत. म्हणून दुसऱ्या वाटेकडे पाहावे लागते. झिंबाब्वेच्या हरारे शहरात सरकारने २००५ मध्ये झोपड्यांवर नांगर फिरवला, लाखो माणसे उघड्यावर आली. त्यानंतर डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने म्बारे वस्तीतल्या चौदा आज्यांना शिकवले आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. औषध नाही, ऐकायचे, प्रश्न नीट मांडायला मदत करायची, आणि गंभीर रुग्ण ओळखून आत पाठवायचा. याचा उपयोग होतो हे २०१६ मध्ये शास्त्रीय चाचणीने सिद्ध झाले. इकडे गोव्यात 'संगाथ' या १९९६ च्या संस्थेने साध्या, स्थानिक माणसांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत बसवले, त्याचेही चांगले परिणाम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भोपाळ, हरारे, गोवा. यांतले एकही तंत्र उपनगरांच्या आवाक्याबाहेरचे नाही. महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर जातात. 'आपला दवाखाना' २०२२ पासून वस्त्यांत निघाले, आणि ते संध्याकाळीही उघडे असतात. प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक समुपदेशक, आणि महिन्यातून एकदा तज्ज्ञ, ही मागणी कलम १८ वर बोट ठेवून प्रत्येक वॉर्ड कचेरीत नेता येईल. मोर्चा काढायला हा विषय लहान नाही.

रमाबाई नगराच्या पुनर्विकासाचे काम सुरू झाले आहे, घरे रिकामी होत आहेत. इमारती चांगल्या होतील. पण ज्या गल्लीत १९९७ चा दिवस पाहिलेली माणसे एकमेकांशेजारी राहत होती ती गल्ली भाड्याच्या खोल्यांत विखुरली जाईल. त्या सकाळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशीच्या आसपास आहे. त्याला अजून कोणी काही विचारलेले नाही. दरवर्षी ११ जुलैला तेथे अभिवादनाला लोक येतात, भाषणे होतात. मागाहून ती माणसे शोधत फिरण्यापेक्षा त्याच दिवशी तेथे एक टेबल मांडावे, शिकलेली दोन माणसे बसवावीत, आणि ज्याला त्या दिवसाबद्दल सांगायचे असेल त्याने बसून सांगावे. वाटल्यास लिहून घ्यावे, वाटल्यास नको.

आमच्या भागातल्या एका विहाराच्या मंडळाशी मी बोललो आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी सात ते नऊ सभागृह मोकळे असते. कोणी विरोध केला नाही. एका ज्येष्ठाने फक्त विचारले की फलकावर 'मानसिक' हा शब्द लिहिलाच पाहिजे का. महिला मंडळातल्या चौघी शिकायला तयार आहेत, त्यांतली एक महापालिकेची आरोग्यसेविका आहे. शिकवणारा डॉक्टर अजून ठरायचा आहे. खुर्च्या आहेत. आडोशाला पडदा नाही, तो शिवून घ्यावा लागेल.